बंद ट्रकला सेल मारण्याआधी डिझेलची टाकी उघडा

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी, गंज आणि बुरशी साचते. सेल मारला की ही घाण थेट फ्यूल पंपाकडे ओढली जाते. टाकीची तपासणी, सफाई आणि इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याची सुरक्षित पद्धत या लेखात पाहू.

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हा आपला पट्टा धानाचा. दादाजी खोब्रागडे यांच्या एचएमटी धानाचे नांदेड गाव याच नागभीड तालुक्यातले. हलके धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, भारी धान नोव्हेंबरमध्ये. कापणी, पुंजणे, मळणी आणि मग खरेदी केंद्र किंवा राईस मिल, अशी सगळी धावपळ दोन-तीन महिन्यांत उरकावी लागते. म्हणून बऱ्याच गावांत एखादा जुना टाटा ४०७ किंवा मोठा ट्रक असतो. हंगामात तो रात्रंदिवस धावतो आणि हंगाम सरला की गोदामामागे नाहीतर चिंचेखाली उभा राहतो. जून ते सप्टेंबर हजार मिलिमीटरच्या वर पाऊस त्याच्यावर पडतो. दिवाळीच्या तोंडावर बॅटरी चार्ज करून आणली जाते, बसवली जाते आणि सेल मारला जातो.

बहुतेक वेळा गाडी सुरूही होते. दोन-चार किलोमीटर गेल्यावर ओढ कमी होते, धक्के बसतात आणि भरल्या धानासह ती रस्त्यात उभी राहते. टाकी घरी धुवायला दोन दिवस आणि थोडे डिझेल लागते. तीच घाण पंप-नोझलपर्यंत गेली तर खर्च हजारोंत जातो. ऐन मळणीत आठ-दहा दिवस गाडी मिस्त्रीकडे अडकते आणि अवकाळी पाऊस आला तर धान उघड्यावर भिजते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टाकी, मग फिल्टर, आणि सेल सर्वांत शेवटी.

ट्रॅक्टर, मळणी यंत्राचे इंजिन आणि बोडीवरचा डिझेल पंप यांनाही हीच पद्धत लागू पडते.

टाकीत पाणी येते कुठून?

अर्धी रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरते. हे खरे असले तरी या दवाचा हिशेब करून पाहा. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट असलेल्या १००० लिटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी असते. ६० लिटरच्या टाकीत ५० लिटर जागा रिकामी असेल तर त्या हवेत दीड ग्रॅम पाणी झाले. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक धरला तर रोज त्यातली सुमारे ५ टक्के हवा बदलते. चार महिन्यांत आलेले सगळे पाणी आतच राहिले असे मानले तरी ते ९ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे भरते.

म्हणून टाकीच्या तळाशी पेला-दोन पेले पाणी निघाले तर केवळ दवाला दोष देऊ नका. ते इतर वाटांनी आले आहे. टाकीच्या झाकणाचे रबरी वायसर चिरलेले असते, गेजखालचे पॅकिंग सुकलेले असते, हवेची बारीक नळी तुटलेली असते. दुसरी वाट म्हणजे डिझेलची कॅन. उघड्यावर ठेवलेल्या कॅनमध्ये किंवा उभ्या ड्रमच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते आणि बुचातून आत झिरपते. या वाटा बंद केल्याशिवाय टाकी कितीही धुतली तरी पुढच्या वर्षी तेच होईल.

पाणी, गंज आणि बुरशी

पाण्यापेक्षा डिझेल हलके असते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरते, म्हणून पाणी नेहमी तळाशी बसते. तिथे तीन गोष्टी घडतात.

पहिली, पत्रा गंजतो आणि त्याची तांबूस भुकटी तळाला साचते.

दुसरी, पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिने ही बुरशी यासाठीच ओळखली जाते. विमानाच्या इंधन टाक्यांतही ती सापडते. ती राहते पाण्यात आणि खाते डिझेल. धानावरच्या करपा रोगाला जशी पानावरची ओल लागते, तशी हिलाही ओल लागते. टाकीत पाणीच नसेल तर ती वाढत नाही. तिचा काळपट, बुळबुळीत लगदा फिल्टर बुजवतो आणि तिच्यातून निघणारी आम्ले पत्रा आणखी खातात.

तिसरी, डिझेल स्वतः जुने होते. हवा, उष्णता आणि तांबे-पितळ-जस्त यांच्या सहवासात ते काळवंडते आणि त्यात डिंकासारखा चिकटा तयार होतो. डिझेलमध्ये जैवडिझेल मिसळलेले असेल तर ते ओल जास्त धरते आणि लवकर बिघडते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामुळे साठवणुकीची काळजी पुढे अधिकच घ्यावी लागेल.

या घाणीला पंप इतका नाजूक का? पंपातला प्लंजर आणि त्याच्या बाहीमधली फट साधारण २ ते ३ मायक्रॉन असते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक फटीला वंगण मिळते ते डिझेलचेच. तिथे पाणी गेले तर वंगण तुटते, गंजाचा कण गेला तर ओरखडा पडतो, चिकटा गेला तर प्लंजर जाम होतो.

आधी बाटलीची परीक्षा

टाकीखालचे बूच सैल करून पहिले एक लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. बूच नसेल तर हातपंपाची नळी तळाला टेकवून काढा. बाटली रात्रभर सावलीत स्थिर ठेवा आणि सकाळी पाहा.

- एकच थर, स्वच्छ पिवळसर, आरपार दिसणारे: टाकी उतरवायची गरज नाही. तळातले पाच-सहा लिटर काढून टाका, फिल्टर बदला.
- खाली पाण्याचा वेगळा थर किंवा दुधट डिझेल: टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.
- तळाला तांबूस भुकटी: टाकी उतरवा. आतून गंज आहे.
- दोन थरांच्या मध्ये काळपट साय, तंतू किंवा लगदा: बुरशी आहे. टाकी, नळ्या आणि फिल्टरची भांडी सगळेच साफ करावे लागेल.
- गडद तपकिरी, आंबूस किंवा वार्निशसारखा वास: डिझेल खराब झाले आहे. ते कोणत्याही इंजिनात वापरू नका.

गाडी वर्षाहून जास्त काळ उभी असेल तर बाटली काहीही सांगो, टाकी उतरवून आत टॉर्च मारून पाहा.

‘डिझेल पेट घेत नाही’ हा गैरसमज

काम सुरू करण्याआधी हा मुद्दा नीट वाचा. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला ज्वलनांक म्हणतात. आपल्याकडील डिझेलच्या मानकात हा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवला आहे. युरोपात तो ५५ अंशांच्या वर असावा लागतो. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला पत्राही ३५ अंश सहज ओलांडतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हात डिझेलच्या टाकीतली वाफ पेटू शकते. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात.

- काम सकाळी, मोकळ्या जागी करा. तणशीचा ढीग, पुंजणे, चूल आणि शेकोटी यांपासून दूर राहा.
- बॅटरीची ऋण तार आधी काढा. चाकांना दगड लावा.
- विडी-सिगारेट नको. टाकीत काडी पेटवून किंवा तारेचा बल्ब सोडून पाहू नका. बॅटरीचा टॉर्च बाहेरूनच मारा.
- टाकी धुवायला पेट्रोल वापरू नका.
- टाकीला भोक असेल तर तिच्यावर घरी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू नका. धुतलेल्या टाकीतही शिवणीत डिझेल राहते. हे काम टाकीतली वाफ घालवण्याची सोय असलेल्या कारागिराकडेच द्या, नाहीतर टाकी बदला.
- नळी तोंडाने ओढू नका. डिझेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळले तर उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या.

टाकीची सफाई: क्रमाने

१. रिकामी करा. सगळे डिझेल स्वच्छ प्लास्टिक कॅनमध्ये काढा. जीआय पत्र्याची बादली नको, जस्त डिझेलला बिघडवते.

२. उतरवा. टाकीकडून जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही नळ्या सोडवा आणि त्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधा. गेजची तार काढा. पट्ट्यांचे नट सोडवताना टाकीखाली आधार ठेवा.

३. गेज आणि ओढ नळी बाहेर काढा. या नळीच्या टोकाला जाळी असते. ती बहुतेक वेळा लगद्याने बुजलेली असते. मऊ ब्रशने डिझेलमध्ये धुवा, फाटली असेल तर बदला.

४. साबणपाण्याने धुवा. दोन बादल्या गरम पाण्यात कपड्याची पावडर घालून टाकी अर्धी भरा, तोंडे बंद करून दोघांनी सगळ्या बाजूंनी हलवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा करा.

५. गंज सोडवा. पाणी आत असतानाच मूठ-दोन मुठी स्वच्छ धुतलेली बारीक गिट्टी किंवा जुने नट टाकून हलवा. कोरड्या टाकीत नट किंवा साखळी हलवू नका, ठिणगी पडू शकते. आत टाकलेले नट मोजून ठेवा आणि मोजून बाहेर काढा. थोडा गंज उरलाच तर सायट्रिक आम्लाचे कोमट द्रावण रात्रभर ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि नंतर साध्या पाण्याने. हातमोजे व चष्मा घाला. गंज इतका असेल की पत्रा दाबला जातो, तर टाकी बदलणेच स्वस्त पडेल.

६. पूर्ण सुकवा. तोंड खाली करून टाकी दोन दिवस उन्हात ठेवा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारली तर लवकर सुकते. शिवणीतली ओल राहू देऊ नका.

७. लगेच डिझेल फिरवा. सुकलेला उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. एक-दोन लिटर ताजे डिझेल आत फिरवून बाटलीत काढा. बाटलीत काही दिसेनासे होईपर्यंत पुन्हा करा.

बुरशी निघाली असेल तर डिझेलसाठी मिळणारे वेगळे बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात वापरा. शेतातले मँकोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड टाकीत टाकू नका. त्याची भुकटी फिल्टर बुजवेल, आणि तांबे तर डिझेल लवकर बिघडवते.

नळ्या आणि फिल्टर

टाकी चकचकीत केली आणि नळीत जुनी घाण राहिली तर केलेले काम वाया जाते. दोन्ही नळ्या पंपापासून सोडवून त्यांत हवा मारा. पंप जोडलेला असताना कधीही हवा मारू नका, सगळा गाळ पंपात जाईल. फीड पंपाची जाळी आणि पाणी वेगळे करणारी वाटी धुवा. डिझेल फिल्टर सगळेच्या सगळे नवे बसवा, जुना फिल्टर धुऊन वापरू नका.

रबरी नळ्या दाबून पाहा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाख भागांत १० भागांहून जास्त नसते. गंधक कमी करताना डिझेलची घडण बदलते. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले रबर नव्या डिझेलमध्ये आकसून गळू लागते. गळकी नळी डिझेल सांडते आणि हवाही ओढते, म्हणून शंका वाटली तरी बदला.

गाडी नवी, कॉमन रेल पद्धतीची असेल तर फिल्टरच्या पुढच्या उच्च दाबाच्या नळ्या घरी सोडवू नका. ते काम जाणकार मिस्त्रीकडेच द्या.

पहिल्यांदा सुरू करताना

- ऑइलची पट्टी पाहा. पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल इंजिनात उतरले आहे. अशा वेळी इंजिन सुरू करू नका. ऑइल बदला, दोष शोधा.
- एअर फिल्टर उघडून पाहा. उंदराचे घरटे हमखास सापडते.
- पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. जाम असेल तर सेलने जोर करू नका.
- इंजिन बंद करण्याची ओढणी ओढून पाहा आणि तिच्या टोकाचा पंपावरचा लिव्हर हलतो का ते दुसऱ्याला पाहायला सांगा. चिकट्यामुळे पंप जाम झाला असेल तर सुरू झालेले इंजिन आवरत नाही, वेग घेतच जाते. म्हणून हवेच्या नळीचे तोंड झाकायला जाड फळी हाताशी ठेवा. तळहाताने झाकू नका.
- टाकीत १५-२० लिटर ताजे, गाळलेले डिझेल भरा. हातपंप मारून आधी फिल्टरच्या आणि मग पंपाच्या स्क्रूमधून एअर काढा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा.
- सेल एका वेळी १०-१५ सेकंदच मारा आणि मध्ये एक-दोन मिनिटे थांबा. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात नेऊ नका, तो कातडीतून आत शिरतो.

सुरू झाल्यावर २० मिनिटे इंजिन जागेवर चालू द्या, गळती पाहा. पहिली फेरी रिकाम्या गाडीने आणि गावाजवळच मारा. संध्याकाळी फिल्टरखालचे पाणी काढा. जास्तीचा फिल्टर आणि पाना गाडीत ठेवा, कारण उरलासुरला गाळ पहिल्या काही फेऱ्यांतच निघतो. ओढ कमी झाली की लगेच फिल्टर बदला. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदतही तपासा.

निघालेल्या डिझेलचे काय करायचे?

खराब डिझेल किंवा टाकी धुतलेले पाणी बांधीत, बांधावर, बोडीत किंवा नाल्यात टाकू नका. डिझेलने भिजलेल्या मातीत बियाणे नीट उगवत नाही आणि मातीतले उपयुक्त जिवाणू मरतात. नाल्यातून ते मामा तलावात गेले तर पाण्यावर तवंग पसरतो, मासे मरतात आणि ढिवर बांधवांच्या पोटावर पाय येतो. गवत जाळायला किंवा वाळवी मारायलाही ते ओतू नका.

धुतलेले पाणी ड्रममध्ये दोन दिवस स्थिर ठेवा. वर आलेला डिझेलचा थर काढून खराब डिझेलच्या कॅनमध्ये टाका. ही कॅन वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत खरेदीदाराला द्या. बाटलीच्या परीक्षेत स्वच्छ ठरलेले, फक्त काही महिने जुने डिझेल मात्र वाया घालवू नका. ते निवळू द्या, वरचे वर काढून गाळा आणि चार भाग ताज्या डिझेलमध्ये एक भाग मिसळून जुन्या पद्धतीच्या इंजिनात वापरा.

पुढच्या पावसाळ्याआधी

- गाडी चार-सहा महिने उभी राहणार असेल तर टाकी ताज्या डिझेलने जवळजवळ काठोकाठ भरा. फुगायला थोडी जागा ठेवा.
- झाकणाचे वायसर आणि गेजचे पॅकिंग नवे बसवा. टाकीवर ताडपत्री बांधा.
- महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, त्याआधी फिल्टरचे पाणी काढा.
- वर्षभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून सुकवा, आतून पातळ ऑइल फिरवा आणि तोंड बंद करा.
- डिझेलचा ड्रम छपराखाली आडवा ठेवा. दोन्ही बुचे एकाच पातळीत, आडव्या रेषेत येऊ द्या, म्हणजे बुचांवर पाणी साचत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी: अवजार बँका, शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांकडील ट्रॅक्टर, ट्रक व मळणी यंत्रे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाहून घ्या. प्रत्येक इंजिनाच्या टाकीतून एक बाटली डिझेल काढून त्यावर गाडीचा क्रमांक व तारीख लिहा आणि सगळ्या बाटल्या एका रांगेत ठेवून बैठकीत दाखवा. कोणती टाकी उतरवायची हे मालकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हलके धान कापणीला यायच्या आत सफाईला पुरेसे दिवसही मिळतात.